पोस्पिशिलांच्या गाडीचं छप्पर

मॉडेल ए फोर्ड मी पंचवीस पावलांवरून ओळखतो. कुठल्या सालची, कुठल्या बांधणीची, आणि मालकानं कुठे कुठे चुकीचे स्क्रू मारलेत, हेही सांगतो. यात बढाईसारखं काही नाही. ज्या माणसाला दुसरं काहीच येत नाही त्याला एवढं तरी यायला हवं, असं आर्लीन म्हणते. आर्लीन ही माझी बायको.

तशी ओळख सोपी आहे. चाकं एकवीस इंची असली की गाडी अठ्ठावीस-एकोणतीसची. एकोणीस इंची असली की तीस-एकतीसची. रेडिएटरच्या चकचकीत कवचावर वरच्या अंगाला रंगवलेली पट्टी दिसली की एकतीसची. दोन दारांची ती ट्यूडर. लोक मला विचारतात, हे इंग्लंडच्या राजघराण्याचं नाव का हो? अहो नाही, टू डोअर, म्हणून ट्यूडर. चार दारांची ती फोर्डर. हे सांगितल्यावर निदान हसावं माणसानं, पण तेवढंही कुणी हसत नाही.

नवखी माणसं फसतात ती स्पोर्ट कूपेपाशी. या गाडीला पुढे दोघांची बैठक, मागे डिकीत उघडणारी आणखी एक बैठक आणि वर कापडी छप्पर. छपराच्या दोन्ही बाजूंना एस अक्षरासारखे वळलेले लोखंडी दांडे असतात, मध्ये सांधा असलेले. बघणाऱ्याला वाटतं, हा सांधा दुमडला की छप्पर मागे मिटणार आणि गाडी उघडी होणार. तसं काही होत नाही. ते दांडे निव्वळ शोभेचे. खरोखर मिटणारं छप्पर असतं कॅब्रिओलेटला, तिलाही असेच दांडे असतात आणि म्हणूनच गोंधळ होतो. हा गोंधळ सोडवणं हे गेली बावीस वर्षं माझं काम आहे. आमच्या ब्रेझनी गावात दर ऑगस्टला चेक मेळा भरतो, त्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन असतं आणि त्याचा परीक्षक मी. नेब्रास्काच्या या टोकाला माझ्याइतका कडक परीक्षक नाही. लोक मला तोंडावर ‘रुडी’ म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते आर्लीननं मला एकदा सांगितलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सत्त्याण्णवच्या मेळ्याआधीच्या गुरुवारी लुमीर पोस्पिशिलचा फोन आला.

“रुडी, कोठारातली गाडी बाहेर काढलीय. बाबांची. ट्रॅक्टरला बांधून मिरवणुकीत न्यायची म्हणतोय. अर्जावर बांधणीचा प्रकार लिहायचाय. येतोस का?”

मी जेवण अर्धं टाकून उठलो. पोस्पिशिलांची ती गाडी एक्कावन्न वर्षं ताडपत्रीखाली गवतात पडून होती आणि लुमीरनं ती आजवर कुणालाही दाखवली नव्हती. आर्लीन म्हणाली, “तोंड तरी पूस.” मी पिकअपमध्ये बसूनच पुसलं.

लुमीरच्या अंगणात गाडी उन्हात उभी होती. दोन्ही बाजूंना धुळीचे ओघळ, टायर बसलेले, पण पत्रा शाबूत. शेजारी स्वयंपाकघरातली एक खुर्ची आणून ठेवलेली, आणि खुर्चीवर ताठ बसलेल्या व्लास्ता बाई. मांडीवर खसखशीच्या कोलाचींची, म्हणजे आमच्या गोड चेक पावांची, ताटली होती.

व्लास्ता बाई म्हणजे लुमीरची थोरली बहीण. त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी, म्हणजे तेव्हा शहात्तर. लग्न केलं नाही. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि चौथीत त्यांनी मलाही शिकवलं. मला एकसष्टावं लागलं होतं, तरी त्यांच्यासमोर उभं राहिलं की माझे हात आपोआप खिशातून बाहेर यायचे.

“रुडोल्फ,” त्या म्हणाल्या. मला रुडोल्फ म्हणणाऱ्या जगात त्या एकट्याच. “मी तुला एक प्रश्न विचारणार आहे. नीट बघून उत्तर दे. या गाडीचं छप्पर मिटतं की नाही?”

“व्लास्ता, कशाला उगाच...” लुमीर पुटपुटला.

“तू गप्प बस. मी रुडोल्फला विचारतेय.”

मला काय, हा प्रश्न म्हणजे मेजवानीच. मी गाडीभोवती एक फेरी मारली. चाकं एकवीस इंची. मागे डिकीतली बैठक. कापडी छप्पर, कडेला ते दांडे. दाराच्या वरची चौकट मोजली, पुढच्या काचेचे खांब बघितले. मग पिकअपमधून माझं जाडजूड पुस्तक आणलं, चित्र काढलं आणि बाईंच्या समोर धरलं. अगदी तीच गाडी, एकोणतीस सालची.

“स्पोर्ट कूपे,” मी म्हणालो. “बघा बाई, इथे लिहिलंय. छप्पर पक्कं. हे दांडे नुसते दिखाऊ आहेत. ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हापासून आजपर्यंत तिचं छप्पर एकदाही मिटलेलं नाही, आणि मिटणं शक्य नाही.”

“नक्की?”

“शंभर टक्के. माझी पैज.”

बाई काही वेळ पुस्तकातल्या चित्राकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ताटली लुमीरच्या हातात दिली, उठल्या आणि स्कर्ट झटकला.

“बरं,” त्या म्हणाल्या. “रुडोल्फ खोटं बोलत नाही. चौथीतही बोलत नसे. लुमीर, मला घरी सोड.”

जाताना त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी मात्र खुशीत होतो. अर्जावर ठळक अक्षरांत ‘स्पोर्ट कूपे, १९२९’ लिहिलं, खाली सही केली आणि एक कोलाची खाल्ली. ताटलीत आठ होत्या, खरं तर तीन खाल्ल्या.

घरी आलो तर आर्लीन दारात उभी. आमच्या गावात बातमी फोनच्या तारेवरून नाही, थेट हवेतून जाते.

“काय केलंस रे तू?”

“काय केलं? बांधणी ओळखली.”

“बांधणी ओळखली म्हणे! अरे शहाण्या, तू व्लास्ता बाईंना लिंकनला पाठवलंस!”

मग तिनं सांगितलं ते असं. लुमीर गेलं वर्षभर बाईंच्या मागे लागला होता की तू आता एकटी राहू नकोस. वसंतात त्यांनी शेगडीवर किटली तशीच ठेवली, ती जळून काळी झाली, शेजाऱ्यांनी धूर बघितला. तेव्हापासून लुमीरची झोप उडाली. त्यानं लिंकन शहरातल्या एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली, याच आठवड्यापासून. बाई म्हणाल्या, माझं डोकं ठीक आहे. लुमीर म्हणाला, कुठे ठीक आहे? तू सांगतेस बाबांच्या गाडीचं छप्पर मिटायचं आणि आपण उघड्या गाडीतून फिरायचो. मी त्या गाडीत लहानाचा मोठा झालो, ते छप्पर कधी इंचभरही हललं नाही. तुला नसलेल्या गोष्टी आठवायला लागल्यात. त्यावर बाई म्हणाल्या, ठीक, रुडोल्फला बोलाव. तो म्हणाला मिटतं, तर तू पुन्हा लिंकनचं नाव काढायचं नाहीस. तो म्हणाला मिटत नाही, तर मी गुपचूप पेटी भरते.

“आणि आता त्या पेटी भरतायत,” आर्लीन म्हणाली. “शेजारच्या लिबूशनं खिडकीतून बघितलं.”

मी आत येऊन खुर्चीवर बसलो.

“पण मी काय करणार? खरं तेच सांगितलं ना? स्पोर्ट कूपेचं छप्पर मिटत नाही म्हणजे नाही.”

“तू गाडी बघितलीस का पुस्तक बघितलंस?”

“दोन्ही!”

“छपराला हात लावलास?”

आर्लीननं भांडी घासायला घेतली आणि इतक्या जोरात घासली की मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. मला माझाच राग येत होता आणि तो राग मी पुस्तकावर, लुमीरवर, शेजारच्या कुत्र्यावर, जो दिसेल त्याच्यावर काढत होतो. चौथीत मला भागाकार जमत नव्हता. तेव्हा व्लास्ता बाई रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास माझ्यासाठी थांबायच्या, वर माझ्या आईला सांगायच्या की मी वर्ग झाडायला थांबतो, म्हणजे मला कुणी हसू नये. त्या बाईंना मी पुस्तक दाखवून घालवून दिलं होतं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी लुमीरच्या अंगणात हजर. म्हटलं टायरमध्ये हवा भरायला मदत करतो. लुमीरही रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. पैज जिंकलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

“ती काही बोलत नाहीये,” तो म्हणाला. “भांडली असती तर बरं झालं असतं रे. मी तिला सांगितलं, दर रविवारी येईन. म्हणाली, ये. बस, एवढंच.”

मी छपराकडे गेलो. या खेपेला पुस्तक आणलंच नव्हतं. उजवीकडच्या दांड्यावरची धूळ बोटानं पुसली, मग चिंधीनं, मग थोडं रॉकेल लावून. सांध्यापाशी आलो आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं,

“अरेरे, हे काय! दोन गुण गेले.”

“काय झालं?”

“बघ ना. इथे कारखान्याचं गोल खोटं बटण असतं. तुझ्या बाबांनी ते काढून इथे षटकोनी बोल्ट घातलाय. तोही नांगराचा! छे छे, असल्या कामाला मी...”

आणि मी तिथेच थांबलो.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागतो, पण पडतो. जो सांधा हलतच नाही, त्यात खरा बोल्ट कोण घालेल? तेही नट आणि वॉशरसकट? नट अर्धा झिजलेला. वॉशरखाली धातूवर गोल चकाकणारा चरा, सांधा पुन्हा पुन्हा फिरल्यावर पडतो तसा. मी पळत डावीकडे गेलो. तिकडेही तोच बोल्ट, तोच चरा.

“लुमीर,” मी म्हणालो, “तुझा चाकू दे.”

“कशाला?”

“छप्पर फाडायचंय.”

“वेडा झालास का? उद्या मिरवणूक आहे!”

“उंदरांनी आधीच अर्धं खाल्लंय. तू दे चाकू. गुण माझे मी बघून घेईन.”

माझ्या तोंडून हे वाक्य निघालं म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे लुमीरला कळलं. त्यानं चाकू दिला. काचेच्या वरच्या अंगाला कापडाची शिवण होती, ती मी उसवली आणि कापड मागे सोललं. आतून धूळ, कापसाचे गोळे आणि एक वाळलेला उंदीर पडला. त्याखाली लाकडाच्या आडव्या-उभ्या पट्ट्या दिसल्या.

आणि त्या अखंड नव्हत्या. दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या मधोमध करवतीनं कापलेल्या होत्या, आणि प्रत्येक कापाला बिजागरी होती. साध्या, फाटकाला लावतात तशा लोखंडी बिजागऱ्या, हातानं घासून बारीक केलेल्या. वरून, बिजागऱ्या हलू नयेत म्हणून, लोखंडी पट्ट्या ठोकून त्या बंद केल्या होत्या. प्रत्येक पट्टीला चार-चार स्क्रू.

“अरे देवा,” लुमीर म्हणाला.

मी चाकू मिटून त्याच्या हातात दिला.

लुमीरनं पट्ट्यांखाली हात घातला आणि चुरगळलेला कागद ओढून काढला. पट्ट्या खडखडू नयेत म्हणून कुणीतरी चेक भाषेतलं वर्तमानपत्र घडी करून खाली दाबलं होतं. पिवळं पडलेलं, पण वरची ओळ स्वच्छ वाचता येत होती. नोव्हेंबर एकोणीसशे एकतीस.

“मी ऑक्टोबरमधला,” लुमीर म्हणाला. “एकतीस सालच्या.”

मी हो म्हणालो. त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली. “तू स्क्रू काढायला घे,” तो म्हणाला. “ मी तिला आणतो.”

तो परत येईपर्यंत मी आठही पट्ट्या सोडवल्या होत्या आणि बिजागऱ्यांना तेल पाजलं होतं. पिकअपमधून व्लास्ता बाई उतरल्या. प्रवासाचा चांगला निळा पोशाख अंगावर होता, म्हणजे पेटी खरोखरच भरून झाली होती. उसवलेलं कापड, सुटे स्क्रू आणि तेलानं बरबटलेला मी, सगळ्यावर त्यांची नजर फिरली.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही, बाई. मीच शोधलं.”

“छान,” त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. “म्हणजे मी सांगितलेलं नाही. लुमीर, तू साक्षीदार आहेस. मी एक शब्दही सांगितलेला नाही.”

“म्हणजे तुला हे सगळं माहीत होतं? बिजागऱ्या आणि सगळं?” लुमीर जवळजवळ ओरडलाच.

“बिजागऱ्या मीच तर धरून ठेवल्या होत्या. आठ वर्षांची होते मी.”

मग लुमीरनं खुर्ची आणली. गुपित आपोआपच बाहेर पडलं होतं, तेव्हा त्यांनी बसून, वर्गात सांगावं तसं, क्रमानं सांगितलं. एकोणतीसच्या वसंतात त्यांचे बाबा, स्टानिस्लाव पोस्पिशिल, गाडी घेऊन आले. आईला उघडी गाडी हवी होती. ती डोंगराकडच्या गावातली, तिला बंद डब्यात गुदमरायचं. बाबांनी दुकानात ते दांडे बघितले आणि ठरवून टाकलं की छप्पर मिटतं. कुणाला विचारलंच नाही. दुकानदारानंही खोटं सांगितलं नव्हतं, त्याला कुणी विचारलं असतं तर तो सांगणार ना. वर बाबांनी सोकोलच्या, म्हणजे चेक व्यायाममंडळाच्या, हॉलमध्ये शनिवारच्या नाचाला सगळ्या गावाला सांगितलं की उद्या चर्चनंतर बघाच. रविवारी चर्च सुटल्यावर पन्नास माणसं गाडीभोवती जमली. बाबांनी दांडा ओढला. मग जोरात ओढला. मग पाय लावून ओढला.

“काय झालं मग?” मी विचारलं. माझ्या अंगावर काटा आला होता. दांडा वाकला असता तर!

“बाबा म्हणाले, गाडी नवी आहे म्हणून जाम आहे, तेल घालतो, पुढच्या रविवारी बघा. घरी आल्यावर त्यांनी कोठाराला आतून कडी घातली आणि करवत काढली. तीन दिवस. मी फक्त आत. आईलासुद्धा येऊ दिलं नाही. पुढच्या रविवारी चर्चसमोर छप्पर मिटलं. दारांच्या चौकटी आणि काचेच्या वरची पट्टी तशीच उभी राहिली, थोडं विचित्र दिसायचं, पण मिटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि बाबांनी मला शपथ घातली, की त्यांनी फसून काय घेतलं आणि करवत कशी चालवली, हे मी जन्मात कुणाला सांगायचं नाही.”

“आणि म्हणून तू लिंकनला निघालीस?” लुमीर म्हणाला. “अगं, ते जाऊन तीस वर्षं झाली! एवढं तोंडातून काढायचं होतंस की, लुमीर, छप्पर उघडून बघ!”

“शपथ घालणारा मेला म्हणून शपथ मरत नाही. आणि मला वाटलं, रुडोल्फ गाडी बघेल.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “रुडोल्फनं पुस्तक बघितलं.”

“चुकलं, बाई,” मी म्हणालो.

“चुकलंच. पुस्तकातलं उत्तर बरोबर असूनही शून्य गुण.”

तो शून्य मी मान खाली घालून घेतला. माझ्या हातून गेल्या बावीस वर्षांत किती जणांचे गुण असे पुस्तक बघून गेले असतील, हा विचार मनात आला आणि मी तो लगेच झटकला, कारण सगळ्यांची माफी मागत बसलो असतो तर मेळा संपून गेला असता.

“चला,” बाई उठल्या. “मिटवा.”

लुमीर एका बाजूला, मी दुसऱ्या. दांड्याचा बोल्ट सैल केला, वर ढकललं. काही हललं नाही. आणखी जोर लावला. मग पासष्ट वर्षं दाबून ठेवलेला एक कर्कश आवाज निघाला, कोठारावरची कबुतरं उडाली, आणि छप्पर कापडासकट, कापसासकट, घड्या पडत मागे गेलं. दारांच्या चौकटी आणि काचेवरची पट्टी तेवढी राहिली. शंभर माणसांत असं ध्यान दिसलं असतं तर मी त्याला प्रदर्शनातून हाकलून दिलं असतं. त्या सकाळी मला ती गाडी इतकी आवडली की मी टोपी काढली.

बाई गाडीत चालकाच्या जागेवर बसल्या. इंजिन अर्थातच चालू होणार नव्हतं, पण त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि वर आभाळाकडे पाहिलं.

“आई इथे बसायची,” त्यांनी शेजारच्या जागेवर थोपटलं. “केसांना रुमाल बांधायची आणि गाडी ओढ्याच्या उतारावर आली की तो सोडायची. मोठ्यानं गायची. चर्चची गाणी नव्हेत.”

लुमीर बोनेटला टेकून उभा होता. तो म्हणाला, “मी आईला गाताना कधी ऐकलं नाही.”

“ठाऊक आहे मला.”

“म्हणूनच मला खरं वाटत नव्हतं, व्लास्ता. छपराचं नाही. छप्पर गेलं खड्ड्यात. तू सांगायचीस ना, आई गाडीत उभी राहून हसायची वगैरे, ते. मला वाटायचं तू आपल्या मनानं दुसरीच आई बनवली आहेस.”

बाईंनी शेजारचं दार उघडलं, आणि तो पासष्ट वर्षांचा गडी आत जाऊन बसला. मी मागे वळून स्क्रू गोळा करायला लागलो, पण ऐकू सगळं येत होतं.

“तुझ्या जन्मानंतर तुला खोकला झाला,” त्या म्हणाल्या. “सगळा हिवाळा. डॉक्टर म्हणाले, बाळाला वारा लागू द्यायचा नाही. बाबांनी एका दुपारी पट्ट्या ठोकल्या. आई म्हणाली, बाळ बरं झालं की उघडू. तू बरा झालास, आणि मग धुळीच्या वादळांची वर्षं आली. खिडक्यांनासुद्धा ओली चादर लावायचो आम्ही. छप्पर कोण उघडणार? पुढे तिच्या मनातूनच ते गेलं असेल.”

“माझ्यासाठी बंद केलं?”

“तुझ्यासाठी. त्याचा तिला कधी पस्तावा झाला नाही, हेही मला आठवतं. तेवढं तरी आता खरं मान.”

लुमीरनं तोंडावरून हात फिरवला. त्याच्या हाताला कापडाची काळी धूळ होती, ती सगळ्या गालांवर पसरली.

“लिंकनला फोन करतो,” तो म्हणाला. “खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगतो.”

“कर. पण एक ऐक. किटली मी विसरले होते. ते खरंच घडलं. उगाच मी सगळं बरोबर आणि तू सगळं चूक, असं नको.”

“मग काय करायचं?”

“तू इथे एकटा टिनचे डबे उघडून जेवतोस, मी तिथे एकटी. रोज संध्याकाळी माझ्याकडे जेवायला ये. जाताना शेगडी बघून जा. रुडोल्फ इंजिन सुरू करून देईल, हो ना रुडोल्फ?”

“सोमवारपर्यंत,” मी म्हणालो.

“गाडीनंच ये. छप्पर मिटवून.”

“संध्याकाळच्या वाऱ्यात?” लुमीर म्हणाला. आता त्याला हसूही येत होतं आणि रडूही. “आणि मला खोकला झाला तर?”

“होऊ दे,” व्लास्ता बाई म्हणाल्या. “एका खोकल्यासाठी पासष्ट वर्षं बंद ठेवलं, पुरे झालं.”